न्यूट्रल

महाराणी रोडवर टेकवानीच्या दुकानात
मी तिसऱ्यांदा तेच विचारलं:
नेट गेलं, तर हाताने लागेल का?
"अंकल, नेट जातंच कशाला,"
असं काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
आणि नेमकं तेव्हाच त्याचं बिलाचं मशीन अडकलं.
मी काही बोललो नाही.
बत्तीस वर्षं बोर्डात मीटर तपासले,
अशा वेळी हसायचं नसतं, एवढं शिकलो.

खोक्यावर काय, सोळा अँपिअर कोणीही छापतं.
मी प्लग कानाशी हलवून बघतो, नारळासारखा.
आत खुळखुळलं, तर परत.
पिना डुगडुगल्या, तर परत.
गीझरसाठी त्याने दहाचा पुढे केला;
म्हटलं, भिया, दोन किलोवॉट म्हणजे नऊला टेकलेलं.
काठावर चालणाऱ्याचं आधी प्लास्टिक पिवळं पडतं,
मग वास येतो,
मग शेजारी येतात.

हे सगळं ईप्सितासाठी.
तिला रॉटरडॅमहून बघायचं आहे
आमच्या स्वयंपाकघराचा दिवा सहाला लागला की नाही.
लागला, म्हणजे आम्ही आहोत.
"हजेरी," नलू म्हणाली,
"शाळेत तीस वर्षं घेतली, आता द्यायची."

शकूरने खटक्यांची पेटी उघडली.
सुदामानगरातलं घर, ब्याऐंशीचं वायरिंग,
फेज येऊन उभी,
परतीची वायर नाहीच.
"न्यूट्रल नहीं है, बाबूजी."
तेव्हा कोणी आणत नसे पेटीत न्यूट्रल;
खटक्याला काय करायचंय परतीचं?
आता खटक्यालाही रात्रभर जागायचं असतं
रॉटरडॅमची हाक ऐकायला,
आणि जागायला घोटभर वीज लागते.
न्यूट्रल नसेल, तर तो ती दिव्यातूनच चोरून पितो.
म्हणून काही दिवे बंद केले तरी
पुरते विझत नाहीत.

डिमरचं आणखीच निराळं.
बल्ब त्याच्या जातीचा नसला, तर गुणगुणतो,
मच्छरदाणीत अडकलेल्या डासासारखा.
वीस टक्क्यांवर एक थरथरला,
एक बाराला मरून पंधराला जिवंत झाला.
तीन बल्ब परत केले.
टेकवानी आता मला चहा विचारत नाही.

खरा पेपर मात्र मेन पाडून.
लाइट गेली, आली, की कोण काय करतो?
एक गप्प बसून राहिला, रुसल्यासारखा.
दोन धडाधड पेटले,
रात्री दोनला पेटले असते तर आख्खी गल्ली उठली असती.
एकालाच आठवत होतं
तो आधी काय होता ते.
तो घेतला. महाग होता.

राहिला बोळातला दिवा.
बंद केला तरी काचेत
राखेखालच्या निखाऱ्याएवढं काहीतरी उरतं.
मी पन्नास रुपयांचा कपॅसिटर आणला,
म्हटलं, उद्या हे भूत काढतो.

"राहू दे," नलू म्हणाली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून
ती रात्री भिंत चाचपत जायची,
मला न उठवता.
किती रात्री, ते मी विचारलं नाही,
तिने सांगितलं नाही.
आणि मी म्हणे बोर्डात
गळती शोधणारा माणूस होतो.

कपॅसिटर शर्टाच्या खिशात आहे,
दोनदा धुण्यात जाता जाता वाचला.
रविवारी ईप्सिता फोनवर सगळे दिवे मोजते.
"बाबा, बोळातला मला बंद दाखवतोय,
बरोबर ना?"
बरोबर, मी सांगतो.
बंदच आहे.